ठिपक्यांच्या कणसाचा निकाल

मूल, ता. ३ मार्च १९५७

चि. लटारू यास भागीरथाबाईचा आशीर्वाद. वि. वि.

मार्कंड्याच्या जत्रेतल्या पीक-प्रदर्शनातून पलीकडच्या गावच्या लालसूचा मका भेसळीचा म्हणून बाद झाला. बातमी पक्की आहे, कारण परीक्षक आपले वडील होते, भाऊच. फिक्या दाण्यांवर जांभळे ठिपके दिसले आणि भाऊंनी निकाल देऊन टाकला.

लालसूच्या गावात चुलीवर टांगलेलं बियाणं एकमेकांना देतात. आता त्याचं कुणी घेणार नाही. येत्या रविवारी गाव बसून तसं ठरवणार होतं, ते मी कसंबसं पंधरा दिवस थांबवलंय. तो जत्रेला आला तोच माझ्या शब्दावर. भाऊंना विचारलं, तर तू मले मका शिकवतं का, म्हणाले. शेतकी कॉलेजात तू नुसती खाणावळीला नावं ठेवत नसशील, तर खरं काय ते कळव. मिशी काढ, असा आईचा निरोप आहे.

लोभ कमी करू नकोस.

तुझी बाई


नागपूर, ता. ८ मार्च १९५७

ती. सौ. बाईस शि. सा. नमस्कार.

सरांना विचारलं. भेसळ असती, तर दाणा अख्खा जांभळा किंवा अख्खा फिका निघाला असता. एकाच दाण्यावर ठिपके, म्हणजे दाण्याच्या आतलाच खेळ. रंगाचा हुकूम गुणसूत्राच्या धाग्यावर ठरल्या जागी असतो. तिथं दुसरीकडचा तुकडा येऊन बसला की रंग बंद. दाणा वाढताना एखाद्या पेशीत तो तुकडा तिथून तुटतो आणि भलतीकडे जाऊन जोडला जातो. मग त्या पेशीच्या लेकरांना रंग परत मिळतो, तोच ठिपका. मुखरूमामा ओसरीत बसला की घरात सगळ्यांची तोंडं बंद, उठला की बोलणं सुरू, तसंच हे. कात्री कोण चालवतं ते सरांनाही ठाऊक नाही. पेशीतलाच एखादा रस असेल, असा त्यांचा अंदाज.

भाऊंना चष्मा लावायला सांग. मिशी राहणार, आईला एवढ्यात सांगू नकोस.

आहे ती माया असू दे.

लटारू


मूल, ता. १४ मार्च १९५७

चि. लटारू यास आशीर्वाद.

पत्र भाऊंना वाचून दाखवलं. कॉलेजवाल्याईले नांगर धरता येते का, असं म्हणत त्यांनी चष्मा लावला. प्रदर्शनातून आणलेल्या लालसूच्या कणसात अख्खा जांभळा दाणा एकही नाही. मग हट्टानं आपल्या चुलीवरचं कणीस काढलं. त्यात अख्खे जांभळे सात. भेसळ निघाली ती आपल्याच घरात. मुखरूमामा घरात नव्हता, म्हणून मला तसं बोलता तरी आलं.

सोमवारी भाऊ बैलबंडी जुंपून लालसूकडे चूक कबूल करायला जाणार, आणि बिनभेसळीचं बियाणं मागायला. तसं कळवलं, तर लालसूच्या बायकोनं, सुकरीनं, निरोप धाडलाय: बियाणं देऊ, पण आधी तुमचं कणीस तुमच्याच हातानं गावापुढे सोला. भाऊ कालपासून चष्मा पुसून राह्यले.

माया आहेच, मिशी काढलीस तर आईचीही मिळेल.

तुझी बाई

ता. क. बंडीत मीही बसणार आहे.