चिमाच्या घरचा जास्तीचा वाटा

मी, सत्यवती केरू डोर्लेकर, वय एकोणऐंशी, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मांडवी, रत्नागिरी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, आणि तरीही ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन माझ्याशी दोन शब्द बोलून पाहावं. मला कोणी दम दिलेला नाही. गोड बोलून गुंडाळण्याचा एक प्रयत्न झाला, त्याची हकीकत पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायला फुरसत नव्हती.

१. माझी मालमत्ता अशी: मांडवीचं दोन खोल्यांचं घर, केळशीची लहानशी आंब्याची बाग, बँकेतली ठेव आणि 'चिमा आणि खोलबाई' हे मी लिहिलेलं मुलांचं पुस्तक. सगळं स्वकष्टाचं आहे. मी शाळेत शिकवत असताना आमचे मुख्याध्यापक म्हणाले होते की मासेवालीच्या मुलीने पुस्तक लिहायचं म्हणजे जरा जास्तच झालं. माझ्या विद्यार्थ्यांची नातवंडं आज ते वाचतात. मुख्याध्यापक हयात नाहीत, नाहीतर त्यांच्या नावे एक प्रत ठेवली असती.

ज्या वकील-न्यायाधीशांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चिमा ही केळशीच्या किनाऱ्यावरची मुलगी. समुद्राच्या तळाशी खोलबाई नावाची म्हातारी राहते. जे जे बुडेल ते ती उचलून ठेवते आणि परत देत नाही. चिमा कासवाच्या पाठीवर बसून खाली जाते, खोलबाईशी कडाकडा भांडते आणि बाबू तांडेलाची बुडालेली होडी वर आणते.

२. मांडवीचं घर आणि बँकेतली ठेव योगिनीला द्यावी. योगिनी मूळची संगमेश्वरची. पहिल्या नेमणुकीवर आमच्या शाळेत आली तेव्हा माझ्याकडे भाड्याने राहिली आणि मग गेलीच नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर मी भाडं घेणं बंद केलं. आमचं रक्ताचं काही नातं नाही. माझ्या आजारपणात रात्रभर जागणारी तीच, आणि माझ्या हातच्या तिखलं-भातात मीठ कमी आहे असं तोंडावर सांगणारीही तीच.

३. पुस्तकातल्या नात्यागोत्याबद्दल वाचक इतकी वर्षं मला विचारत आले आहेत. मी उत्तरं द्यायचं टाळलं, कारण मजा वाटायची. आता देऊन टाकते.

खोलबाई आणि चिमाची आई या सख्ख्या बहिणी आहेत का? नाहीत. दोघींचं नाक सारखं दिसतं, कारण आमच्या चित्रकाराला एकच नाक काढता येत असे.

खोलबाईला तीन मुलगे आहेत असं पहिल्या प्रकरणात म्हटलं आहे, पण दिसतात दोनच. तिसऱ्याचं नाव समर्थ. तो मामाकडे राहतो आणि आईला भेटायला येत नाही. अशी मुलं जमिनीवरही असतात.

कासवाला बायको आहे का? आहे. म्हणूनच तो इतका फिरतो.

४. आता मुख्य प्रश्न. शेवटच्या प्रकरणात होडी पहिली मासळी घेऊन येते आणि बाबू तांडेल वाळूत वाटे मांडतो. एक होडीचा, एक जाळ्यांचा, स्वतःचा, मग खलाशांचे. सगळ्यांचे झाल्यावर तो आणखी एक वाटा मांडतो, आणि चिमा तो उचलून आईकडे नेते. हा वाटा कुणाचा, आणि बाबू चिमाचा कोण, असं पुण्या-मुंबईची मुलं हटकून विचारतात. किनाऱ्यावरच्या मुलांनी कधी विचारलं नाही. त्यांना तो ओळखू येतो.

माझे वडील केरू हे केळशीत बाबू तांडेलाच्या होडीवर खलाशी होते. मी शाळेत जाऊ लागले त्या वर्षी ते वादळात गेले. नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा पाण्यात लोटली, मासळी आली, आणि बाबूने वाळूत वडिलांचा वाटा नेहमीसारखा मांडला. खलाशी कुरकुरले. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "केरू नाय आला म्हणून त्याचं घर काय बुडालं नाय. ह्यो वाटा यमुनाबायचा."

यमुनाबाई म्हणजे माझी आई. माझा धाकटा भाऊ दत्ताराम कमावता होईपर्यंत तो वाटा एकदाही चुकला नाही. बाबू आमचा कोणी लागत नव्हता. भावकीतलाही नव्हता. आमच्याकडे घरातला माणूस समुद्रात राहिला तर वाटा चालू ठेवायची रीत होती, पण ती एका हंगामापुरती. बाबूने ती कितीतरी हंगाम ओढली.

गावातल्या काही तोंडांना हे पचलं नाही. फुकट कोण कुणाला मासळी देतो, असं म्हणत त्यांनी आईचं नाव बाबूशी जोडलं. आई त्याच घरांच्या पायरीवर टोपली उतरवून मासे विकायची. तिने भाव पाडला नाही आणि मानही खाली घातली नाही. मला त्या लोकांचा भयंकर राग यायचा आणि आईचा अभिमान वाटायचा. पुस्तक या दोन्हींतून झालं आहे.

तेव्हा उत्तर असं: बाबू चिमाचा रक्ताचा कोणीही नाही. चिमाचे वडील समुद्रात राहिले. खोलबाईने होडी परत दिली, माणूस दिला नाही.

५. माझा एकुलता एक भाचा, म्हणजे कै. दत्तारामचा मुलगा सर्वेश, मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात आहे. गेल्या मे महिन्यात तो पेढे घेऊन आला. मुंबईच्या काही मंडळींना चिमाचा सिनेमा करायचा होता आणि त्यांनी लिहिलेली पटकथा सर्वेशला फार आवडली होती. शेवटच्या प्रसंगात बाबू चिमाला जवळ घेतो आणि आपणच तुझा खरा बाप असं सांगतो. जास्तीच्या वाट्याचा उलगडा त्यांनी असा केला. जास्तीचं दिलं म्हणजे लपवलेलं रक्त असणार, याच्यापलीकडे त्यांना काही सुचलं नाही. गावातल्या त्या तोंडांनाही सुचलं नव्हतं.

मी नाही म्हटलं. सर्वेशने समजूत घातली, की लोकांना नातं कळायला लागतं. जाताना ओटीवर तो फोनवर कुणालातरी म्हणाला की आत्या असेपर्यंत थांबू, नंतर हक्क आपल्याकडेच येणार. मी म्हातारी आहे, बहिरी नाही. त्या दिवशी मी पेढ्यांचा खोका योगिनीच्या वर्गात वाटून टाकला आणि हा कागद लिहायचं ठरवलं.

६. म्हणून 'चिमा आणि खोलबाई'चे सर्व हक्क मी योगिनीला देत आहे. सिनेमा जरूर काढावा, मला सिनेमा आवडतो. मात्र त्यात बाबू परकाच राहील, आणि तो वाटा मांडेल. हे ज्यांना जमत नाही त्यांना योगिनीने चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

७. केळशीची बाग सर्वेशला. रागावले आहे, पण ती त्याच्या बापाने शिंपली आहे. आणि केळशीत ज्या घरांनी माझ्या आईला बोल लावला, त्या प्रत्येक घरी पुस्तकाची एक प्रत फुकट पोचवावी. घरं कोणती ते योगिनीला माहीत आहे. त्यांची मुलं चिमाच्या बाजूने ओरडत ओरडत ते वाचतील, आणि यापेक्षा मोठा सूड मला सुचलेला नाही.

८. हे कलम आजच, सह्या व्हायच्या आधी वाढवत आहे. वकील नम्रताताईंनी सर्वेशला बोलावलं होतं, पुढे कज्जा नको म्हणून. वरचं सगळं त्याला वाचून दाखवलं. त्याने आजीला पाहिलेलं नाही. तिच्यावरचा आळ दत्तारामने त्याला कधी सांगितला नव्हता, हे मला आज कळलं. तो उठून मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने माझ्यासमोर त्या मंडळींना फोन लावला आणि पटकथा रद्द समजा असं सांगितलं. मग साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितलं.

नम्रताताईंनी त्याला थांबवलं. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष करू नये, बाग हातची जाईल, साक्षीला दुसरं कोणीही चालेल, असं त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं.

सर्वेश म्हणाला, "बाग जाऊ दे. आजीच्या बाजूने घरातल्या कोणीतरी सही करायला नको का?"

मी आयुष्यात पुष्कळ बक्षिसं घेतली, त्यातलं एकही याच्या जवळपास येत नाही. कलम सातमधलं सर्वेशचं नाव मी खोडलं आहे. बाग त्याची मुलगी पूर्वी हिला द्यावी. कलम पाचमधलं त्याच्याबद्दलचं लिखाणही गाळावं असं नम्रताताई सुचवतात. ते मी गाळणार नाही. कुठून कुठे आला, हे त्याच्या मुलीला कळू दे.

इथे मजकूर संपला. वाचून पाहिला, पसंत आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) सत्यवती केरू डोर्लेकर

साक्षीदार:

(सही) ॲड. नम्रता मयेकर, रत्नागिरी

(सही) सर्वेश दत्ताराम डोर्लेकर, मुंबई. केळशीच्या यमुनाबाई केरू डोर्लेकर यांचा नातू.