चंदनाचा हार

नवीन पनवेल, १ फेब्रुवारी २०२५

ती. शोभाताईस,
सा. न. वि. वि.

बारावं भरतकाम आज संपलं! शाळेत सिस्टरांनी छडी दाखवून शिकवलेली क्रॉस स्टिच साठीनंतर कामी आली. कामाला आगळ्यावेगळ्या वाटेनं जाणारी माणसं काढायची होती. होडीतली नर्स झाली, घोड्यावरचे मास्तर झाले. आणि ही बारावी, कोन गावची चिंधी. वीटभट्टीवर ती जेसीबीच्या बकेटमध्ये बसून जाते, मांडीवर भाकरीचा डबा.

तिची लेक मनिषा लग्नावरून भांडून कर्नाळ्याकडे राहते. वर्षभर आईशी अबोला. चिंधी म्हणाली, माझं नाय ऐकायची, तुमी बोलवा. नऊ तारखेला, रविवारी होणाऱ्या प्रदर्शनाला मनिषाला निरोप धाडलाय. येऊ दे गं ती. आणि तूही ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
सुमती

नाशिक, ४ फेब्रुवारी

चि. सुमतीस,
अ. आ.

धाग्याचा गुंता केल्याशिवाय सुई न ओवणारी तू, आणि बारा चित्रं! माझे गुडघे येऊ देत नाहीत. सोबत चंदनाचा हार पाठवते. चिंधीला घाल. अशा बाईचा सत्कार कोण करतं? मनिषा आली तर उपदेश करू नकोस, बोलू दे मायलेकींना.

दुरूनही तुझे कान धरणारी,
शोभाताई

नवीन पनवेल, १० फेब्रुवारी

ती. शोभाताईस,
सा. न.

काल प्रदर्शनात काय झालं ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

चिंधीला उशीर झाला. मला राहवेना, म्हणून हार तिच्या चित्राला घातला. ताई, चंदनाचा हार, तोही तसबिरीला! घरात ह्यांच्या फोटोवर रोज तसाच हार बघते, तरी डोक्यात आलं नाही.

मनिषा आली, चित्र बघितलं आणि मटकन खाली बसली. आय गेली आन् मला कुणी सांगितलं नाय, म्हणून तिनं असा हंबरडा फोडला की सगळा हॉल भोवती गोळा झाला. मी हार ओढला तर तुटला. तेवढ्यात दारात चिंधी! मनिषानं आधी तिला चाचपलं, मग कुठं होतीस म्हणत पाठीत गुद्दे घातले, मग गळ्यात पडली.

मी हात जोडले. चिंधी माझ्यावर भडकलेलीच. म्हणाली, मेल्यावानी एकटीला कशाला काढलीत? चित्रात पोरीला बाजूला बसवा, मग बघू कोण रडतंय.

चित्र उतरवलंय. मनिषा आईकडेच राहिली. तिलाही चित्रात भरायचंय, म्हणून उद्या तिच्या साडीचा रंग बघायला कोनला जातेय.

रागवू नकोस, माया आहे तशीच राहू दे.
सुमती