हरकत

प्रिय खांबा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू दचकला असशील. आपण रिंगणात तीनदा एकमेकांची थोबाडं फोडली, पण पत्र म्हणून कधी लिहिलं नाही. फोन केला असता, पण लढत होईपर्यंत माझं चित्त ढळू नये म्हणून माझा फोन मेहुण्याच्या खिशात असतो. टॉवेल धुवायला नेणाऱ्या बाईंना गळ घातली आहे, त्या गाठोड्यात लपवून हे नेतील आणि पेटीत टाकतील. त्रेचाळीस वर्षांचा, एकशे आठ किलोचा बाप्या चोरून चिठ्ठ्या पाठवतोय, तीही तुला. हस मेल्या, तुला हक्क आहे.

मला ठेवलंय सरावाच्या हॉलवरच्या खोलीत. खिडकी आहे, पण रंगाचे इतके थर चढलेत की ती उघडत नाही. जिन्यात माझं भलंमोठं पोस्टर लावलंय, त्यातला मी दहा वर्षांपूर्वीचा. रोज खाली उतरताना तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याची उधारी बुडवलीय. पळायला गेलो तरी मेहुणा सायकलवरून मागे असतो. जेवण मोजून, झोप मोजून. परवा त्याला म्हटलं, अरे, कैद्यालासुद्धा भेटायला माणसं येतात. तर म्हणतो, "दाजी, एकोणीस दिवस कळ काढा, मग अख्खं गाव येईल भेटायला."

तुला वाटेल, मग कशाला पडलास या फंदात? ऐक. सहा वर्षं मी गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसलो. ट्रक आला की पास बघायचा, दांडा वर करायचा. एखादा ड्रायव्हर ओळखायचा, "तुम्ही रेडा ना?" मग ठोसा उगारून माझ्याबरोबर फोटो काढायचा. त्या वेळी बरं वाटायचं आणि घरी गेल्यावर जेवण जायचं नाही. मग रुग्णालयाच्या मदतीसाठी ती दाखवण्यापुरती लढत ठेवली होती ना, तिथे समोरचा तिशीतला गडी दुसऱ्याच फेरीत झोपला. खरं सांगतो, माझा मीच चमकलो. पुढे आणखी एक जिंकलो. तेवढ्यात तू शिकवतोस त्या चॅम्पियनशी ज्याची लढत ठरली होती त्याचा हात मोडला आणि तारीख रिकामी पडली. मेहुण्याने टायरचं दुकान भागीदाराच्या गळ्यात मारलं आणि माझ्या वतीने होकार देऊन आला. मीही सही केली. कुणी हात धरून करवली नाही.

आता तुझ्या चॅम्पियनबद्दल. वर्तमानपत्रं म्हणतात, मला दहात एक संधी. आपल्या दोघांना शिकवलेले मास्तर म्हणतात तिनात एक, पण ते माझ्या बाजूचे. मी त्याच्या लढती पुन्हा पुन्हा पाहिल्या. पोरगा हिरा आहे, तू छान घडवलायस. डाव्या हाताचा जॅब असा की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. पण उजवा हात सोडण्याआधी तो डावं पाऊल वीतभर बाहेर टाकतो. दर वेळी. तुझ्या ध्यानात आलंय की नाही कोण जाणे, नसेल तर सुधार. त्या पावलाबरोबर आत शिरून बरगडीखाली दोन दिले, तर सहाव्या-सातव्या फेरीत त्याचे हात खाली येतील. हे मी जमवू शकलो असतो खांबा. बढाई नाही मारत. पाय अजून साथ देतात.

डोळा देत नाही. मागच्या लढतीत समोरच्याचा अंगठा डाव्या डोळ्यात गेला. आधी नुसत्या ठिणग्या दिसायच्या, मग कडेने काळं काहीतरी सरकायला लागलं, कुणी दार लोटून घेतंय तसं. एक दिवस चहा कपात ओतायच्या ऐवजी बशीबाहेर ओतला. तुझी वहिनी म्हणाली, लक्ष कुठंय? मी म्हटलं, चॅम्पियनकडे. फोन तेव्हा माझ्याकडेच होता, मला अजून इकडे आणलं नव्हतं. शेजारच्या गावी, खोटं नाव सांगून, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. पडदा सुटत चाललाय, म्हणाल्या, लगेच शस्त्रक्रिया करा, आणखी एक मार बसला तर हा डोळा गेला म्हणून समजा. काम काय करता, असं विचारलं. मी सांगितलं, फाटक उघडतो.

लढतीसाठीची तपासणी मी पार केली. चांगल्या डोळ्याने अक्षरांचा तक्ता आधीच पाठ करून ठेवला होता. तपासणारा साधा माणूस, वर पाठीवर थाप मारून मोकळा झाला. तुझ्या चॅम्पियनचा उजवा हात नेमका माझ्या डाव्या बाजूने येणार, आणि मला तो लागल्यावरच कळणार.

सांगायचा प्रयत्न केला रे. मेहुण्याला म्हटलं, डाव्या बाजूचं जरा कमी दिसतंय. त्याने संध्याकाळी डोळ्यात घालायचे थेंब आणून दिले. तुझी वहिनी आठवड्यातून एकदा येते. इतक्या वर्षांनी ती मोठ्याने हसायला लागलीय, शेजारणींना माझं वजन सांगते. आणि मास्तर! अठ्ठ्याहत्तर वर्षं. वृद्धाश्रमात भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आता सकाळी सहाला टोपी घालून तयार. त्यांचे हात एरवी इतके कापतात की चमचा धरवत नाही, पण माझ्या पंजाला पट्टी बांधताना अजिबात हलत नाहीत. परवा ते पट्टी बांधत असताना मी तोंड उघडलं होतं. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, थोडी सैल करा.

दुसऱ्यांवर ढकलत नाही. मुळात मलाच ते वाक्य बोलता येत नाही. स्टुलावर बसून "आता पुरे" असं मी उभ्या जन्मात म्हटलेलं नाही. घंटा झाली की उठायचं, एवढंच शिकलो. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं, आणि रोज ग्लोव्हज घालतो.

म्हणून हे तुला. लढतीआधी वजन करतात, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत समोरच्या पक्षाला लेखी हरकत घेता येते, मग बाहेरचा डॉक्टर पुन्हा तपासतो आणि तो तक्त्यावर भागवत नाही, आतला पडदा बघतो. तू हरकत घे. माझ्या डाव्या डोळ्यावर, स्पष्ट लिहून. लोक म्हणतील चॅम्पियन म्हाताऱ्याला घाबरला, तुझी छी-थू होईल, मास्तर तुझं नाव टाकतील. मला ठाऊक आहे मी काय मागतोय. असलं मागणं मित्राकडे करता येत नाही, त्याला दया येते. तू मला कधी दया दाखवली नाहीस. मी पत्रकारांसमोर तुला भेकड म्हणेन, टेबल उलथेन, चौघांनी धरलं तरी तुझ्या अंगावर येईन. मनापासून येईन, कारण त्या घटकेला मला तुझा खरंच राग आलेला असेल. तू तोंडातून शब्द काढू नकोस. फक्त हरकत मागे घेऊ नकोस.

तुझाच,
रेडा