आमच्या गल्लीच्या नळाचा नमुना पुन्हा घेण्याबाबत

प्रति,
मा. पाणीपुरवठा अधिकारी साहेब,
पाणीपुरवठा कार्यालय, पहिला मजला
(जिन्याशेजारी थंड पाण्याचं यंत्र आहे आणि त्यावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असं लिहिलं आहे, तेच कार्यालय)

विषय : “साहेब, आमच्या नळाचं पाणी तुम्ही स्वतः पिता का?” या प्रश्नाला आपण दिलेल्या उत्तराचे परिणाम, व नमुना पुन्हा घेण्याबाबत.

संदर्भ : १) आमच्या शाळेच्या सभागृहातील आपले ‘शुद्ध पाणी’ या विषयावरील व्याख्यान. २) आमच्या जिन्यात चिकटवलेली आपल्या कार्यालयाची सूचना : ‘पाणी पिण्यास व वापरण्यास योग्य. तक्रार निकाली.’

महोदय,

१. वरील प्रश्न विचारणारी मुलगी मीच. आपल्याला चेहरा आठवणार नाही, कारण आपण त्या वेळी बाटलीचं बूच उघडत होतात. प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता हेही नमूद करते. तिसऱ्या बाकावरच्या मैत्रिणींनी पैज लावली होती की हे विचारायची तुझी छाती नाही, आणि विचारलंस तर तुझी भूगोलाची वही आम्ही पूर्ण करून देऊ. मी विचारलं. वही पूर्ण झाली, त्यातल्या नद्या तर फारच सुबक आल्या आहेत. आपण हसलात, सीलबंद बाटलीतून एक घोट घेतलात (खरं उत्तर तेच होतं, पण ते सभागृहाला ऐकू आलं नाही) आणि म्हणालात, “बाळ, सगळंच कार्यालयाने करायचं नसतं. बाबांना सांग, घरी फिल्टरचा जग आणा. चांगला बघून घ्या.” टाळ्या पडल्या. मी पंधरा वर्षांची असून ‘बाळ’ या शब्दाबद्दल वेगळा अर्ज करण्याचा हक्क राखून ठेवते.

२. आपला आदेश शिरसावंद्य मानून बाबा जग आणायला गेले. माझे बाबा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. त्यामुळे त्यांनी जगही काच निवडावी तसाच निवडला, उजेडाकडे धरून. दुकानदाराने तीन जग पुढे ठेवले होते. कुठला जग काय गाळतो, आतली कार्ट्रिज किती टिकते, नवी कुठे मिळते, यातलं एक अक्षर बाबांनी विचारलं नाही. जो सगळ्यात आरपार दिसला तो उचलला. घरी आल्यावरही ते त्यातून भिंतीवरचं घड्याळ वाचून दाखवत होते. पाणी भरल्यावर घड्याळ दिसेनासं झालं. आमच्या गल्लीत सकाळी नळ सोडला की तो आधी खोकतो, मग कोऱ्या चहासारखं, गंजलेल्या खिळ्याच्या वासाचं पाणी देतो, हे आपणास आमच्या आधीच्या तक्रारीवरून माहीत असेलच. म्हणजे ती वाचली असल्यास.

३. खोक्यातली पुस्तिका आमच्या घरात फक्त मी वाचली. पहिल्या दोन भरण्यांचं पाणी ओतून द्या, कोळशाची काळी पूड येईल, घाबरू नका. कार्ट्रिजला साबण लावू नका. गरम पाणी ओतू नका. हे मी मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत आईने काळं पाणी पाहून कार्ट्रिज बाहेर काढली होती आणि भांड्यांच्या साबणाने अशी काही घासली होती की जगमधून फेस यायला लागला. तिचं म्हणणं, जी वस्तू स्वतःच काळी ती दुसऱ्याला काय स्वच्छ करणार. पुस्तिकेच्या शेवटी मुंगीच्या अक्षरात आणखी एक वाक्य होतं : हा जग फक्त आधीच पिण्यायोग्य असलेल्या पाण्यासाठी वापरावा. म्हणजे ज्याला पोहता येतं त्यालाच वाचवणारा जीवरक्षक. आपण हा जग का सुचवलात ते मला तेव्हा उमगलं. आपल्या कार्यालयाचा तो सख्खा भाऊ शोभतो.

४. नवी कार्ट्रिज आली आणि आईने नियम केला की जगमधलं पाणी फक्त पाहुण्यांना द्यायचं, म्हणजे ती पुरवून पुरवून वापरता येईल. घरच्यांनी नळाचं पाणी फडक्यातून गाळावं, उकळावं, गार करावं आणि तोंड वाकडं न करता प्यावं. माझी आई दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसते. आल्यागेल्याला हसून स्वच्छ ग्लासात पाणी पुढे करणं ही तिची नोकरीही आहे आणि खोडही. असा तो जग आमच्या फ्रिजमध्ये मानाने बसून राहिला. आम्ही त्याच्याकडे पाहायचो आणि उकळलेलं प्यायचो.

५. आता तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशींबद्दल. गल्लीच्या तक्रारीवर पहिली सही त्यांची होती. पाणी गढूळ आलं की आम्हाला तोंड वाकडं करावं लागतं, त्यांचं मात्र पोट मारलं जातं. पांढरी चादर भिजवली की पिवळी निघते. त्या चादरी पुन्हा धुतात, लिंबू चोळतात, उन्हात टाकतात, आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून म्हणतं, मावशी, साबण वाचवता वाटतं. फिल्टरच्या जगमध्ये चादर भिजत नाही, साहेब. मी मापून पाहिलं नाही, पण आपला विश्वास नसल्यास आपण आपली चादर भिजवून पाहावी.

६. त्या तक्रारीवरून आपल्या कार्यालयाने नमुना घेणारा माणूस पाठवला. मी शाळेत होते. पुढचं आईच्या तोंडून कळलं, आणि तेही तिने कौतुकाने सांगितलं. तो गृहस्थ दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला, आमच्या उंबऱ्यावर थांबला, एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने आईपुढे रिकामी बाटली केली आणि नळाचं पाणी भरून आणा म्हणाला. नळ त्याने स्वतः सोडायला हवा होता, चार पावलं आत यायला हवं होतं. तो फोनमध्ये होता. आई बाटली घेऊन ओट्यापाशी गेली आणि तिचा हात नळाकडे वळेना. परक्या माणसाच्या इतक्या स्वच्छ बाटलीत तसलं पाणी कसं भरायचं? आपल्या घराची शोभा चार लोकांत कशाला? तिने फ्रिज उघडला आणि जगमधलं भरून दिलं. “दमून आला होता बिचारा,” ती म्हणाली, “चांगलंच दिलं मी त्याला.” बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

७. जिन्यात आपली सूचना लागली. आईने ती वाचली आणि तेव्हा तिला कळलं की आपण काय भरून दिलं. बाबा म्हणाले, झालं ते झालं, आता उगाच राखेतले निखारे फुंकू नका. सरकारी नमुन्याचं प्रकरण आहे, अंगावर आलं तर आईची नोकरी जायची. आई जिन्यातून जाताना सूचनेकडे बघायचं टाळू लागली, आणि मावशींकडेही.

८. गिऱ्हाइकं मात्र सूचना बघत होती. सरकार म्हणतं पाणी उत्तम आहे, म्हणजे खोट मावशींच्या हातात. एकेक जण कपडे दुसरीकडे नेऊ लागला. शेवटी आई जिथे काम करते त्या दवाखान्याच्या डॉक्टरांनीही पांढरे कोट मावशींकडे धुवायला देणं बंद केलं. मावशींकडे बारा महिने येणारं काम तेवढंच होतं. बंद केल्याचा निरोप द्यायला डॉक्टरांनी आईलाच पाठवलं, एकाच इमारतीत राहता म्हणून. आईने तो दिला. मावशी तिला म्हणाल्या, “तुझा काय दोष गं त्यात? पाणी चांगलं ठरलं, आता माझेच हात घाण म्हणायचे.” त्या दिवशी आई घरी येऊन बराच वेळ नळ नुसता सोडून बघत उभी होती. आता मावशी दुकानाला कुलूप लावायचं म्हणतात.

९. आपल्या माणसाला बाटली आमच्या घरातून परत नेताना त्यातलं पाणी आमच्या गल्लीच्या मानाने अंमळ जास्तच देखणं आहे, अशी शंका आली नाही. तपासणाऱ्यांना आली नाही. सही करताना आपल्यालाही आली नाही. आईने चूक केली ती लाजेपोटी. आपल्या कार्यालयाने कशापोटी केली, हे मला आपल्या पदाचा मान राखून लिहिता येत नाही, म्हणून सोडून देते.

१०. तरी आपणास नम्र विनंती की नमुना पुन्हा घ्यावा. सकाळी, नळ खोकतो तेव्हा, आणि आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने नळ सोडून. फोन उंबऱ्यावर ठेवावा, कोणी नेणार नाही. जुनी सूचना चुकीची होती असं सांगणारी नवी सूचना त्याच जागी, त्याच आकारात लावावी आणि तळमजल्यावर मावशींच्या दाराशीही एक लावावी. गंजलेला पाईप बदलावा. आपण स्वतः आलात तर आपणासही पाणी विचारण्यात येईल. ते या वेळी जगमधलं नसेल.

आपल्याला पुन्हा प्रश्न विचारायला तयार असलेली,
पण तूर्त आपली नम्र,

(सही)
तिसरा बाक, इयत्ता दहावी
टाकीमागची गल्ली, दुसरा मजला

दिनांक : आपला आवक शिक्का उमटेल तो. शिक्का माझ्यासमोर मारून घेतल्याशिवाय मी खिडकीपासून हलणार नाही.

सोबत :
अ) माझ्या शाळेच्या गणवेशाचा सदरा, एक. मूळ रंग पांढरा. आमच्या नळाच्या पाण्यात धुतलेला.
ब) फिल्टरच्या जगची पुस्तिका, मुंगीच्या अक्षरांखाली रेघ मारून.

प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीसाठी : आई व बाबा, फ्रिजच्या दारावर.

आई, बाबा, मी ठरवलं आहे. हा अर्ज मी उद्या शाळेआधी देणार, पण त्याआधी आज संध्याकाळी मावशींकडे जाऊन बाटलीत कुठलं पाणी गेलं ते सांगणार. त्यांना हे जिन्यातल्या कागदावरून कळता कामा नये. आई, तू भरलंस हे मी तुझ्या आधी बोलणार नाही, पण तू बोलली नाहीस तर मी बोलेन. नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. बाबा, तुम्ही रागवाल हे माहीत आहे. मी चपला घालून दारात थांबते. तुम्ही आलात तर तिघं उतरू, नाही आलात तर मी एकटी जाईन. मावशी पाणी विचारतीलच. त्या जे देतील ते आपण प्यायचं, पूर्ण ग्लास.