सामायिक नळ

व्हायला,
४ मार्च १९९१

चि. डुगल्ड यास,
इफीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं ख्रिसमसचं कार्ड फेब्रुवारीत मिळालं. पोस्टाला शिव्या घालणार होते, पण शिक्काही फेब्रुवारीचाच निघाला. तू काही सुधारणार नाहीस.

इथे व्हायलात मार्च उजाडला, उन्हाळा सरला, तरी उन्हाचा ताव उतरलेला नाही. आणि अशात माझ्या दारात हिरवंगार गवत उगवलंय! माझ्या आर्चीने जन्मभर पाणी घालून जिथे काडी उगवली नाही, तिथे त्याच्या माघारी चांगलं घोट्याएवढं गवत. गुलाबी काकाकुवा येऊन चिखलात चोची मारतात. मला आपलं वाटलं, चला, म्हातारपणी बाग झाली. तर शेजारच्या बाचिकने कुंपणापलीकडून बोट दाखवलं आणि म्हणाला, की बाई, ही बाग नाही, गळती आहे. एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं.

मग झोरान प्लंबरला बोलावलं. त्याने खड्डा खणला, पाइप उघडा केला आणि अंगठ्याने नुसता दाबला, तर बिस्किटासारखा चुरा झाला. इथल्या जमिनीतल्या मिठाने लोखंड पार खाऊन टाकलंय. आमचं घर तुला आठवत असेल. वर एक छप्पर, मधे एक भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे बाचिक. गोदीच्या कामगारांसाठी घाईघाईने बांधलेली घरं ही. रस्त्यावरून पाण्याचा एकच पाइप येतो आणि भिंतीखाली त्याला दोन फाटे फुटतात. झोरान म्हणतो, की आता ठिगळं लावून भागायचं नाही. सगळा पाइप नवा टाकायचा, आणि हल्लीच्या नियमाप्रमाणे दोन घरांना दोन वेगळे. त्यासाठी दोन्ही घरांचा होकार लागतो.

बाचिक लगेच हो म्हणाला. मी म्हटलं, विचार करते. झोरान माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, जणू म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी तात्पुरती पट्टी आवळून गेला.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या टॉफी कुत्र्याला माझ्या वाटचं थोपट. लोभ आहे असं लिहायची तुझी पद्धत नाही, तरी तो असू दे.

तुझी,
इफीताई


लॉन्सेस्टन,
१३ मार्च १९९१

ती. ताईस,
डुगल्डचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गुडघा आहे तिथेच आहे, फक्त वाकत नाही. टॉफीला थोपटलं. इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, तुझ्या काकाकुवांना पाठवून दे.

आता जरा मोठ्या भावासारखं बोलू दे, लहान असलो तरी. अगं, विचार कसला करतेस? पाइपचा चुरा झालाय, पाणी घराच्या पायाशी मुरतंय, आणि तू काय गवताचा लॉन करून क्रोके खेळणार आहेस? पैशाची अडचण म्हणावी तर ती नाही, आर्चीभावजींनी तुझी सोय नीट करून ठेवलीय. भिंतीला तडा गेला, की मग सगळं घरच उकरावं लागेल. तुला मी ओळखतो. लहानपणी दात दुखत असताना तू आठवडाभर गप्प बसली होतीस, तेव्हाही कारण काहीतरी भलतंच निघालं होतं. आताचं कारण काय ते सरळ लिही.

राग मानू नकोस, आणि मानलास तरी पत्राने मान. ते वाचायला मी घरीच असतो.

तुझा,
डुगल्ड


व्हायला,
२१ मार्च १९९१

चि. डुगल्ड यास,
अनेक आशीर्वाद.

मोठ्या भावासारखं म्हणे! गाढवा, तुझी लंगोटी मी बदललेली आहे.

कारण विचारलंस म्हणून लिहिते. हसलास तर पुन्हा पत्र नाही.

सकाळी उठून मी तोंड धुते, नळ बंद करते. थोडा वेळ जातो आणि भिंतीतला पाइप गुरगुरायला लागतो. तो बाचिक. दुपारी माझी भांडी विसळून झाली, की पुन्हा गुर्र. संध्याकाळी तसंच. मी माझा नळ बंद करायचा आणि पलीकडून त्याचा सुरू व्हायचा, मी काही बोलावं आणि त्याने उत्तर द्यावं तसं. आर्ची होता तेव्हा हे माझ्या कानावर कधी आलंच नाही. तो गेला, आणि मग घरात ऐकण्यासारखं हे एवढंच उरलं. आता तो गुरगुरल्याशिवाय मी सकाळची लापशी चुलीवर ठेवत नाही. वेड लागलंय म्हण हवं तर.

माणूस म्हणून बाचिक म्हणजे बंद कपाट. गोदीत वेल्डिंग करायचा, आर्चीच्याच खात्यात. त्याची बायको याद्विगा होती तोवर कुंपणावर गप्पा व्हायच्या, मोडक्यातोडक्या का होईना. ती गेली, आणि तो सकाळी नमस्कार करतो, वाऱ्याविषयी एक वाक्य बोलतो, आत जातो. गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनला ॲडलेडला गेला होता, तेव्हा भिंत मुकी झाली. खरं सांगते डुगल्ड, मला अन्न गोड लागेना. परत आला त्या सकाळी पाइप गुरगुरला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

आता हे दोन वेगळे पाइप झाले, की त्याचं पाणी त्याच्याकडे, माझं माझ्याकडे. नवे पाइप प्लॅस्टिकचे, त्यांचा आवाजही होत नाही म्हणे. झोरान हे कौतुकाने सांगत होता. मग माझ्या घरात दुसऱ्या माणसाची काही खूणच राहणार नाही. हे मी त्या प्लंबरला कसं सांगू? आणि बाचिकला तर जीव गेला तरी सांगणार नाही.

तू म्हणालास तसा तडा मात्र गेलाय. झोपायच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली. काल त्यात माझं नख गेलं.

थंडी पडायच्या आत स्वेटर बाहेर काढ. या वेड्या बहिणीवरचा जीव कमी करू नकोस.

इफीताई


लॉन्सेस्टन,
३० मार्च १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलो नाही.

तुझी भावजय मेझी गेल्यापासून मी रेडिओ चालू ठेवून झोपतो. कुणीतरी गव्हाचे भाव सांगत असतं. मला गव्हाशी काय करायचंय? पण माणसाचा आवाज असतो. माझ्या घराला स्वतंत्र पाइप आहे, पाण्याला असा जोर की पेला हातातून उडतो, आणि दिवसभर तो नळ फक्त मीच उघडतो, मीच बंद करतो. तू कशाला घाबरतेयस ते मला पुरतं ठाऊक आहे. त्याची सवय होते, पण ती काही चांगली सवय नाही.

तरीही काम करून घे. भिंत कोसळली तर ऐकायला तूही राहणार नाहीस. होकार दे झोरानला.

सोसण्यात माझी सोबत आहे असं समज. बाकी सोबत इतक्या लांबून करता येत नाही.

तुझा,
डुगल्ड


व्हायला,
१६ एप्रिल १९९१

चि. डुगल्ड यास,
अनेक आशीर्वाद.

झालं तुझ्या मनासारखं. दोन घरं, पाण्याचे दोन मीटर, दोन काळे पाइप.

काम दिवसभर चाललं. इथली जमीन म्हणजे वर हातभर माती आणि खाली चुनखडीचा दगड. झोरान पहार मारतोय, घाम पुसतोय आणि त्याच्या भाषेत दगडाच्या आईबापांचा उद्धार करतोय. पाणी बंद होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच बादल्या भरून ठेवल्या होत्या. दुपारी सॅंडविच केली. झोरान, बाचिक आणि मी, तिघं मातीच्या ढिगावर बसून खाल्ली. काय झालं कोण जाणे, त्या ढिगावर बसून बाचिक एकदम बोलायला लागला. आणि काय बोलला ते ऐक.

म्हणाला, की तो आणि याद्विगा राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात आर्ची अंगाला साबण लावून उभा होता आणि पलीकडे याद्विगाने नळ सोडला. आर्चीचं पाणी गेलं. त्याने भिंतीवर मुठी आपटल्या आणि गोदीतल्या ठेवणीतल्या शिव्या दिल्या. याद्विगा नवीन, भाषा येत नाही, बिचारी घाबरून गेली. त्या दिवशी नवराबायकोने ठरवलं, की पहिलं पाणी आमचं. आमचा नळ बंद झाल्याचं कानांनी ऐकायचं, थोडं थांबायचं, मग त्यांनी आपला उघडायचा. याद्विगा गेली, आर्ची गेला, तरी हा रोज भिंतीला कान लावून माझं आटपायची वाट बघायचा. इतकी वर्षं! आणि आता हसत हसत सांगतो, की सुटलो एकदाचा, उद्या सहा वाजता उठून तासभर अंघोळ करणार.

झोरान पोट धरून हसला. मीसुद्धा हसले. मग मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी ज्याला उत्तर समजत होते ती भीती होती रे. मला सोबत, आणि त्याला जाच. त्याने माझ्याकडे तोंड करून कधी काही म्हटलंच नव्हतं, तो फक्त मला चुकवत होता. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

नवा नळ जोरात येतो, पोलकं भिजतं. खोलीतला तडा झोरानच्या ओळखीचा गवंडी बुजवून देणार आहे. भिंत गप्प आहे. सकाळची लापशी मी आता कधीही करते, कधी करतही नाही.

जास्त लिहवत नाही. आठवण ठेवत जा.

इफीताई


लॉन्सेस्टन,
२४ एप्रिल १९९१

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लापशी करतही नाही म्हणजे काय? मुकाट्याने करायची आणि खायची.

आणि दुसरं, जाऊन सांग त्याला. जे मला लिहिलंस तेच, तसंच. तो इतकी वर्षं मनात ठेवून बसला आणि तूही बसलीस, मधे वीतभर भिंत. त्याने निदान आपलं सांगून टाकलं. तुझ्याकडे ये म्हणावं तर माझा गुडघा, माझ्याकडे ये म्हणावं तर तू आर्चीभावजींची कबर सोडायची नाहीस. मग उरलं कोण? लाज वाटेल. वाटू दे. आपल्या वयाला लाज ठेवून करायचीय काय?

उत्तराची वाट बघतोय. फार बघायला लावू नकोस.

तुझा,
डुगल्ड


व्हायला,
१० मे १९९१

चि. डुगल्ड यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नादी लागून भरदुपारी कुंपणाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनातलं बोलले. बाचिक कपडे वाळत घालत होता. मी म्हटलं, की तुम्ही सुटलात याचा मला आनंद आहे, पण मला तुमच्या पाण्याची सोबत होती, ते ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नव्हता, आणि आता घर खायला उठतं. भडाभडा बोलून मोकळी झाले. तो हातात ओला शर्ट धरून ऐकत राहिला. मग शर्ट दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि आत निघून गेला.

तुला किती शिव्या दिल्या म्हणून सांगू! त्यानंतर तो अंगणात दिसेना. मीही पडदे ओढून बसले. वाटलं, होता तेवढा सकाळचा नमस्कारही घालवला मी.

काल सकाळी दार वाजलं. उघडते तर बाचिक. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून भांग पाडलेला, आणि हातात रिकामी किटली. मी विचारलं, की काय झालं, तुमचा नळ बंद पडला का? तर म्हणाला, नाही, त्याचा नळ उत्तम चालतो. तो आज माझं पाणी पळवायला आलाय.

चेहरा अगदी गंभीर, डुगल्ड. मला हसावं की रडावं कळेना. मी बाजूला झाले, तो आत आला आणि नळाखाली किटली धरली. पण नळ सोडला तो किती, तर दोऱ्याएवढा. आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिला, मला चालतंय ना म्हणून. तेव्हा मला त्याची ती सगळी वर्षं दिसली. मी ओरडलेच, की अहो बाचिक, सगळा सोडा तो, सगळा!

त्याने सोडला. किटली भरली, वाहायला लागली, इस्त्रीची बाही कोपरापर्यंत भिजली, आणि दोघांपैकी एकालाही नळ बंद करायचं सुचेना.

हे पत्र घाईत संपवते आहे, लापशी दोघांची आहे, बुडाला लागेल. आपल्या लोभाला मीटर लावू नकोस.

तुझी,
इफीताई