जागेचा दगड

पांढुर्णा,
नोव्हेंबर १९८६

प्रिय देवीदास,

तुझं दिवाळीचं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तर इतक्या उशिरा लिहितो आहे, राग धरू नको. रामाजी मास्तर दोनदा ओट्यावर येऊन विचारून गेले, "काहो तुळशीराम, पोराले उत्तर नाही धाडाचं का?" आपली पत्रं तेच लिहून देतात हे तुला माहीत आहे. पण या वेळी मी डोळे आल्याचं सांगून त्यांना वाटेला लावलं. हे पत्र दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराला हसू नको. तुझी माय बाहेर गेली आहे, ती यायच्या आत मला हे पुरं करायचं आहे. तिने मला बजावलं आहे, "त्याले काही लिहू नका." इतके दिवस तिचं ऐकलं. आता माझ्याच्याने राहवत नाही.

आधी घरचं सांगतो. सौसरहून प्रमिला भाऊबीजेला आली होती, तुझी वाट पाहून परत गेली. तिच्या सासऱ्याच्या बगीच्यात यंदा संत्रा चांगला धरला आहे. तुझ्यासाठी पिशवीभर ठेवून गेली, त्यातली निम्मी शेजाऱ्यांना वाटली, उरलेली वाळली. कापसाची पहिली वेचणी झाली. माझा गुडघा तसाच आहे. तू खोलीवर पाणी उकळून पितोस का? स्टोव्ह पेटवताना दार उघडं ठेवत जा. त्या शहरात रस्ता ओलांडणं काय असतं हे मी आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगतो, घाई करत जाऊ नको.

होय, मी नागपूरला आलो होतो. तुझ्या मायसोबत आलो होतो आणि तुला न भेटता परत गेलो. हे वाचून तुला धक्का बसेल, पण मला जो बसला तो अजून अंगातून गेलेला नाही, म्हणून क्रमाने सांगू दे.

तू नोकरीला लागलास तेव्हा मायकडून वचन घेतलं होतंस, की आता बाजारात बसायचं नाही, मी कमावतो आहे. तिने हो म्हटलं आणि आपल्या आठवडी बाजारात बसणं खरंच सोडलं. पण दोन महिने घरात बसून तिचं काय झालं ते मी पाहिलं. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. कोंबड्यांशी भांडायची. लहानपणापासून टोपलीमागे बसलेली बाई ती, तिला रिकामं बसवत नव्हतं. मग एक दिवस म्हणाली, "बाजारात बसणार नाही असं मी इथल्या बाजाराचं बोलली. नागपूरचं कुठं बोलली?" आणि सीताफळं निघाल्यापासून ती दर गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने नागपूरला यायला लागली. बर्डीच्या बाजारपेठेत फुटपाथवर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. इथल्या कोणी पाहून तुला सांगू नये, म्हणून तिने तुझंच शहर निवडलं. मला वाटतं, आणखी एक कारण होतं. तू कधी तरी त्या रस्त्याने सायकलवर जाशील, आणि तिला लांबून तरी दिसशील.

दिवाळी झाल्यावरच्या गुरुवारी मीही हट्टाने तिच्याबरोबर निघालो. एकटी बाई, गाडी सुटली तर, टोपली चोरीला गेली तर, असं माझ्या डोक्यात रोज चालायचं. बर्डीवर पोचलो आणि मी घाबरलोच. बाबू, तिथे चालायला जागाच नव्हती. कंगवे, बांगड्या, प्लास्टिकच्या बादल्या, सायकलवाला, पानठेला, आणि कापडवाल्यांनी तर आपले लाकडी मांडव फुटपाथ संपेपर्यंत पुढे आणलेले. काठी टेकायला फट नाही. मी खाली रस्त्यावर उतरलो, तर एका स्कूटरने कोपराला घासून नेलं. पुढे एक बाई कडेवर मूल घेऊन त्याच गाड्यांमधून चालली होती. माझ्या तोंडून निघालं, या लोकांना कोणी काही म्हणत नाही का? तेवढ्यात तुझी माय त्याच लोकांच्या ओळीत जाऊन बसली.

बसल्यावर तिने टोपलीच्या तळातून पहिल्यांदा काय काढलं, ठाऊक आहे? आपला दगड. तुझ्या आजीच्या वेळचा, जाम नदीच्या पात्रातला, चपटा काळा आणि मधून पांढरी रेघ गेलेला. आपल्या गावात दगड म्हटला की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची गोटमार, नदीच्या दोन काठांवरची दगडफेक, आठवते. आपल्या घरात मात्र दगड म्हटलं की बाजारातली जागा. तू लहान होतास तेव्हा माय उजाडायच्या आत तुला तो दगड घेऊन बाजारात पिटाळायची. जागेवर दगड ठेवायचा, पांढरी रेघ गिऱ्हाइकाच्या वाटेकडे करायची, की ती जागा आपली. मग बाई दुपारी का येईना, तिथे दुसरं कोणी बसणार नाही. एकदा तू वच्छलाबाईचा दगड फेकून तिची चांगली जागा धरलीस. मायने तुझा कान धरून तो दगड हुडकायला लावला, तुझ्या हाताने परत ठेववला आणि म्हणाली, "दगड फेकणं म्हंजे माणूस फेकणं आहे. अन् ज्यानं ठेवला त्यानंच उचलाचा, दुसऱ्यानं नाही." तू रडत रडत रेघ सरळ केली होतीस. आठवतं ना? आठवत असणारच. म्हणून तर हे पत्र.

बर्डीवरही तिने दगड ठेवला, रेघ रस्त्याकडे केली. शेजारची कंगवेवाली हसून म्हणाली, "मावशी, गोटे बी विकता का?" माय म्हणाली, "विकत नाही, पण तुह्या डोक्याले पाहिजे असन तर फुकट देतो." दोघी हसल्या. मी बाजूला बसायला लागलो तर मला उठवलं. "तुमी तिकडे बसा. तुमी बाजूले असले का गिऱ्हाईक मांगन त्या भावात माल देऊन टाकता." म्हणून मी रस्त्याच्या पलीकडे, निंबाच्या झाडाखाली जाऊन बसलो. चहा घेतला. तिच्याकडे पाहत होतो. फळं निवडून देताना ती गिऱ्हाइकाशी जशी बोलते तशी बोलत होती, आणि खरं सांगू, मला तिचा हेवा वाटला. मला कुठेच इतकं माझ्या जागी असल्यासारखं वाटत नाही.

मग शिटी वाजली. कुठून वाजली कळलं नाही, पण डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कंगवेवालीने चादरीची चारी टोकं धरली आणि गल्लीत पळाली. बांगड्यावाला पळाला. कापडवाले आपले मांडव आत ओढायला लागले. फुटपाथवरचे विक्रेते उठवणारा कार्पोरेशनचा निळा ट्रक येऊन थांबला. सगळे पळाले, तुझी माय पळाली नाही. तिला वाटलं, दगड ठेवलेला आहे, आपल्याला कोण उठवील? आपल्या बाजारात ठेकेदाराचा माणूससुद्धा दगड ओलांडून जात नाही. ती हात दगडावर ठेवून बसून राहिली.

ट्रकमधून खाकी कपड्यांतले लोक उतरले. त्यातल्या पहिल्याची चाल मी आधी ओळखली. डावा खांदा थोडा पाडून चालायचं, माझे वडील तसेच चालायचे. मी मनाशी म्हटलं, नाही. आपला देवीदास पाणी खात्यात आहे, त्याने तसं लिहिलं आहे, दोन पत्रांत लिहिलं आहे. मग तू तोंड माझ्या बाजूला फिरवलंस.

मी उठलो. काठी घेऊन पुढे आलो. मध्ये रस्ता. एक बस आली, तिच्यामागे दुसरी. बस गेली तेव्हा टोपली तुझ्या हातात होती आणि सीताफळं घरंगळून नालीकडे चालली होती. मायने पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. ती नवीन सून होती तेव्हाही माझ्या वडिलांपुढे तिने एवढा पदर ओढला नव्हता. तुला तिचं तोंड दिसू नये, एवढंच तिला पाहिजे होतं. लाज तिला वाटली नसेल, तुला वाटू नये म्हणून तिने तोंड झाकलं. तू टोपली ट्रकमध्ये टाकलीस, तराजू टाकलास. ट्रकवरून तुमचा मुकादम ओरडत होता, "चलो, चलो, जल्दी." मग तू वाकून दगड उचललास.

माझा जीव तेव्हा कुठे होता ते मला सांगता येणार नाही. तू दगड हातात घेऊन उभा राहिलास. मुकादमाने पुन्हा हाक दिली. आणि तू तो फेकला नाहीस. खाली वाकलास, ठेवलास, आणि मागे न पाहता ट्रकवर चढलास.

मी रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. फुटपाथ मोकळा झाला होता. केवढा रुंद आहे तो. खाली चांगल्या फरशा आहेत. शाळेच्या दोन पोरी एकमेकींचा हात धरून आरामात चालत होत्या. मीही काठी टेकत चाललो, कुठे अडलो नाही, कोणाचा धक्का लागला नाही. घडीभर बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. तुझं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. सकाळी मीच तर विचारलं होतं, यांना कोणी काही म्हणत नाही का? पण त्या सगळ्या मोकळ्या फुटपाथवर एकटी तुझी माय बसली होती. तिच्यासमोर दगड होता. मी रेघ पाहिली. सरळ रस्त्याकडे होती.

मी म्हटलं, त्याच्या खोलीवर जाऊ. तिने माझा हात धरला आणि स्टेशनचा रस्ता धरला. दगड तिथेच राहू दिला. मी उचलायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या. आपण ठेवला नाही." गाडीत ती खिडकीला बसली. नरखेड मागे पडलं. मग म्हणाली, "बारीक झाला." तुझी तिच्यावर नजर पडली का, तू ओळखलंस का, हे मी विचारलं तर म्हणे, "नाही वळखलं. कसा वळखन? पदर होता." घरी येऊन तिला ताप आला. पुढचा गुरुवार अंथरुणात गेला. मला वाटलं, सुटलो, आता ही जाणार नाही.

बाबू, तू पाणी खात्याचं का लिहिलंस हे मी विचारणार नाही. आम्हीही तुला कुठे खरं लिहिलं होतं? पण मला जे समजलं ते असं आहे. पदर होता, तोंड दिसलं नाही, तरी दगड तुला दिसला. तू ओळखलंस. ओळखूनही टोपली टाकावी लागली असेल, किंवा आधी टाकली आणि दगड मागून दिसला असेल, मला काय माहीत. साहेब समोर असताना माणूस काय करील? मी त्यावर रागावलेलो नाही. मला रात्रंदिवस एकच घोर आहे, आणि तो तुझ्या मायने काल सांगितलेल्या गोष्टीचा आहे. ताप उतरल्यावर उठून बसली, केस विंचरले आणि म्हणाली, "पोरानं जागा ठेवली माही. आपल्या हातानं ठेवली, रेघ सरळ करून ठेवली. आता मले कोण उठवते?" आत्ता ती बुरडाकडे गेली आहे, नवी टोपली आणायला. येत्या गुरुवारी ती त्याच जागी बसणार आहे. ओळखलं नाही असंही म्हणते आणि जागा ठेवली असंही म्हणते. दोन्ही खरं धरून बसली आहे, मी कितीही बोललो तरी ऐकत नाही. म्हणून तुला लिहितो. तू दगड तिच्यासाठी ठेवलास, की फेकवला नाही म्हणून ठेवलास, हे मला कळव. तिला बसू द्यायचं नसेल तर माझं किंवा पत्राचं काही चालायचं नाही. ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा, हे तिनेच तुला शिकवलं आहे. तेव्हा तो दगड तुझ्या हाताने उचल आणि घेऊन घरी ये. झाडूवाल्यांनी आधीच फेकला असेल, तर जामच्या पात्रातला दुसरा आपण दोघे हुडकू, पण तू ये. सुट्टी मिळत नसेल, तर निदान गुरुवारी त्या ट्रकवर तू असशील की नाही, एवढं तरी सांग. रामाजी मास्तरांचा जावई दादाराव रोज नागपूरला अपडाऊन करतो, संध्याकाळी नागपूर स्टेशनवर असतो. लिहायला वेळ नसला तर त्याच्याजवळ तोंडी निरोप दे. बुधवारी संध्याकाळी त्याच्या गाडीच्या वेळेला मी इथल्या स्टेशनवर येऊन उभा राहतो. निरोप नक्की पाठव, बाबू, वाट पाहायला लावू नको.

तुझाच,
बाबा