डबीवरचं नाव

ता. १४, मंगळवार

चि. चिमे,

अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, पण रागाने कागद फाडले. राग अजून आहेच. आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी ती बरी आहे. दुकानात नवा आरसा लावला.

आता मुद्द्याचं. माहेरी आलीस तेव्हा माझ्या कपाटात तुला डबी सापडली. वरचं नाव मोबाईलवर शोधलंस, तर दारू सोडवायचं औषध निघालं. मी काय परगावी होतो? समोर चहा पीत बसलो होतो. मला न विचारता तू काकूला सांगितलंस. काकूला सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच.

हातांच्या खाजेसाठी गेलो तेव्हा कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं, "आजोबा, पूर्ण गोळी व्यसनी माणसाला. तुम्हाला तिचा कण. तेवढ्याने काहींची सूज, खाज उतरते. बघू या." मी तेव्हाच म्हटलं होतं, "बाई, डबीवर दुसरं काही नाव चिकटवा." त्या हसल्या. मला नावाचीच लाज, म्हणून घरात बोललो नाही.

पण हात निवळले. खपल्या गेल्या. गिऱ्हाईक पुन्हा गालाला हात लावू देऊ लागलं. आणि तू काकूला सांगितल्यावर एक दिवस शेजारचा शिंपी खुर्चीत बसला. मी वस्तरा उचलला तर म्हणतो, "दादा, आज नुसते केस कापा."

"का रे, गळ्याची काळजी वाटते?"

"तसं नाही, पण तुमचा हात..."

माझा हात कधी थरथरला? जन्मात थेंब घेतला नाही मी. तुझ्या लग्नात तुझे सासरे आग्रह करून थकले, विचार त्यांना.

वर तू लिहितेस, 'बाबा, औषध घेताय हे चांगलंच, लाजू नका.' ते वाचलं आणि डबी मोरीत रिकामी केली.

आई तुला कळवू नको म्हणते, तरी लिहितो. पेरांना परत भेगा पडल्यात. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे, जावईबापूंनाही हे वाचून दाखव. वस्तरा धरवत नाही. आई रोज म्हणते, औषध आणा. मी म्हणतो, आधी चिमीला काकूपाशी कबूल करू दे की तिची चूक झाली. तोवर नाही.

तू चार ओळी पाठव. भांडून पाठव, पण लवकर पाठव.

जन्मभर शुद्धीवर असलेला,
तुझा बाबा